हैदराबादचे पप्पा

लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी सातच्या आत डबे पोचले नाहीत, तर पोरं उपाशीपोटी क्लासला जाऊन बसतात. म्हणून कस्तुराबाईंच्या मेसमध्ये पहाटे पाचलाच तवा तापायचा. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावहून आलेली ही लेकरं. त्यांच्या आया तिकडे मुखेडला, देवणीला, कुठे कुठे राहिलेल्या, आणि इथे त्यांच्या पोळ्या लाटायच्या आरतीने.

आरती तीस-एकतीस वर्षांची. अंगाने किरकोळ, पण लाटण्यावर हात असा की पोळी ताटलीएवढी गोल उतरायची आणि तव्यावर पडली की टम्म फुगायची. तिच्या शेजारी विळीवर बसायची कमलम्मा. ती देगलूरकडची, पन्नाशी ओलांडलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि तोंडाला दिवसभर विसावा नाही.

"आरती, तुझा हैदराबादवाला काल फोन केला का न्हाई?"

"केला की."

"काय म्हनला?"

"काय म्हननार. जेवलीस का म्हनला."

"नशीबवान हाइस अम्मा. माझा म्हातारा फोन करतो ते भांडायलाच. परवा म्हनतो, माझी लुंगी कुठं ठेवलीस. मी म्हनलं, आरं तू देगलूरला, मी लातूरला, तुझी लुंगी काय मी संगं घेऊन फिरायले का?"

भांडी घासणाऱ्या दोघी खो खो हसल्या. आरतीही हसली आणि पोळी उलटली. हसताना नजर तव्यावरच ठेवायची, हे तिने दोन वर्षांत शिकून घेतलं होतं. नजर वर गेली की कुणीतरी पुढचा प्रश्न विचारतं.

आरतीचा नवरा रामलिंग हैदराबादला नव्हता. तो या जगातच नव्हता.

देवणीजवळच्या एका खेड्यात रामलिंग दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला होता. प्रदर्शनात मिरवायची देवणी जातीची जनावरं त्याच्या हातची. त्यांना धुणं, खरारा करणं, सरकी भिजवून घालणं. एका सकाळी हौदाजवळची मोटार चालू होईना म्हणून त्याने वायरला हात लावला आणि तिथेच कोसळला. सृष्टी तेव्हा सात वर्षांची होती.

पुढे जे झालं ते त्या गावात कुणाला नवीन नव्हतं. दहाव्याच्या दिवशी बायांनी आरतीच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. पोरीने यातलं काही बघू नये म्हणून तिला पहिल्या दिवसापासूनच गावाबाहेरच्या एका घरी खेळायला धाडलं होतं. तीन महिन्यांनी नणंदेचं लग्न निघालं, तेव्हा सासूने आरतीला बोलावून हळू आवाजात सांगितलं, "तू चुलीकडंच थांब बाई. हळदीला पुढं येऊ नको." दोन दिवस आरती दोनशे माणसांचा स्वयंपाक करत राहिली आणि लग्नाची मंगलाष्टकं तिने भिंतीपलीकडून ऐकली. मांडव उतरला त्या दिवशी ती सृष्टीला घेऊन लातूरच्या एसटीत बसली.

शहरात कोण कुणाला विचारतं, असं तिला वाटलं होतं. पण पहिल्याच घरमालकिणीने कपाळाकडे बघून विचारलं, "एकटीच राहणार का?" आणि खोली लागली आहे म्हणून सांगितलं. दुसरीने तेच केलं. एका मेसवाल्या बाईने तिच्या पोळ्या बघून मान डोलवली. मग हाताकडे नजर गेली, तशी ती म्हणाली, "आमच्या चुलीवरूनच देवाला नैवेद्य जातो बाई. घरात म्हातारी माणसं हाईत. राग मानू नको."

शेवटी पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत रहमतबीने तिला आठ दिवस आपल्या ओसरीत ठेवून घेतलं. रहमतबीचा बांगड्यांचा गाडा होता. सासूकडून आलेला धंदा. साठीची बाई, पण लहान लेकराच्या हातातही काच न तडकवता चढवायची. विधवेला बांगडी भरायची नाही, हा त्या धंद्याचा जुना नेम. नवव्या दिवशी सकाळी तिने तो मोडला. आरतीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि हिरवी काच चढवू लागली.

"खाला, हे नको. पाप लागतं."

"लागू दे. मेरेकू लागंगा, तेरेकू नक्को." रहमतबीने हात सोडला नाही. "देख आरती, हितं एकटी बाई दिसली की दहा जनं चौकशीला येतेत. हातात बांगडी दिसली की दोनच येतेत. नवरा कामाला हैदराबादला हाय म्हनून सांग. हैदराबाद बडा शहर हाय, कोन जाके देखता?"

त्या बांगड्यांनी खोली मिळाली. मेसही मिळाली. टिकली, काळे मणी, हिरवी काच, आणि तोंडात एक हैदराबादला गेलेला नवरा. पोट भरायला एवढं पुरलं.

फक्त एक गोष्ट आरतीने त्या वेळी लक्षात घेतली नाही. हे खोटं तिला एकटीला बोलून भागणार नव्हतं.

"कुणी विचारलं तर पप्पा हैदराबादला हाईत म्हनायचं," तिने सृष्टीला सांगितलं तेव्हा पोरगी दुसरीत होती. तिने मोठे डोळे करून आईकडे बघितलं आणि मान हलवली. दुसरा प्रश्न केला नाही. शहाण्या लेकरांचं हेच अवघड असतं, ती ऐकतात.

पहिल्यांदा सृष्टी अडखळायची. मग सवय झाली. मग तिने त्यात भर घालायला सुरुवात केली. पप्पा मोठ्या बिल्डिंगीत लिफ्ट चालवतात. पप्पांना निळा ड्रेस असतो. पप्पांनी सांगितलंय की चौथीत पहिली आले तर सायकल. रहमतबीची नात कहकशां तिच्याच वर्गात होती. तिला सगळं ठाऊक होतं, पण आजीने दम दिलेला, म्हणून ती गप्प राहायची. लिफ्टचा मजला आठवड्याला एकाने वाढायचा, तेवढं मात्र तिला हसू यायचं.

सरकारकडून विधवेला निराधारचा पगार मिळतो, अर्ज कर, असं रहमतबीने दोनदा सुचवलं. पण अर्जाला मृत्यूचा दाखला लावायचा, तो अर्ज वॉर्डातल्या ओळखीच्या माणसांच्या हातून जाणार. आरतीने दाखल्याचं पाकीट ट्रंकेच्या तळाशी ठेवलं ते ठेवलंच.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी आरती पोरीची वेणी घालत होती. घरात दोघीच. दार लावलेलं. सृष्टी गुडघ्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "मम्मी, पप्पांना तिकडं हैदराबादला थंडी वाजत असंल का गं?"

आरतीचा हात थांबला. पोरगी खेळ खेळतेय की खरंच विचारतेय, हे तिला कळेना. मागून तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि पुढे जाऊन बघायचं धाडस आरतीला झालं नाही.

"तिकडं इतकी थंडी नसती," ती म्हणाली आणि रिबीन बांधली.

---

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. कस्तुराबाईंकडे तीन दिवसांचा मोठा थाट असायचा. उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा घाट. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला मेसची पोरंही पंगतीला. सण चार दिवसांवर आला असताना कस्तुराबाई चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, गोरी, गुडघ्यांनी त्रासलेली बाई.

"आरती, आमच्या नेमाच्या सवाष्णीला सुतक आलंय. यंदा तू बस. तुझे मालक येनार असतील सणाला, तर मेहूनच घालते. जोडीनं या."

आरतीच्या हातातला कणकेचा उंडा परातीत पडला.

"ते न्हाई येत काकू. सुट्टी नसती."

"मग तू एकटी ये. लेकराला आन. तुझा हात गुणी हाय बाई. आमची सून सातव्या महिन्यात हाय, तिलाबी तुझी वटी भरू दे. तुझा पाय लागू दे घराला."

कमलम्मा विळीवरून म्हणाली, "जा की अम्मा. मला कुनी बोलवंना." आणि खाली बघून दोडके चिरत राहिली.

त्या दिवशी दुपारी आरती रहमतबीच्या गाड्यापाशी जाऊन बसली. "खाला, पोळ्या लाटते ते निराळं. देवीपुढं सवाष्ण म्हनून ताटावर बसायचं मंजी… त्यांची सून पोटुशी हाय. काही कमीजास्त झालं तर?"

रहमतबी काचेच्या बांगड्या डझनावारी दोऱ्यात ओवत होती. "दोन साल तेरे हात की पोळ्या खाके कोन मरा? सगळी पोरं डॉक्टर बनायलीत."

"तसं न्हाई हो."

"मंग कसं? तूच तुला अपशकुनी समजतीस, तो दुनिया का क्या गुन्हा?"

खालाचं खरं होतं. गावातल्या बायांनी कपाळ पुसलं ते दोन मिनिटांत. पण त्यांनी मनात जे घालून ठेवलं होतं ते तिला स्वतःलाच पुसता आलेलं नव्हतं. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं? अडचण आली म्हणावं तर कस्तुराबाईंना तिची तारीख माहीत. मेस हातची गेली तर खोली जाणार, खोली गेली तर पोरीची शाळा जाणार. ती उठली आणि सृष्टीच्या फ्रॉकला शोभणारी केसांची हिरवी पिन घेऊन घरी गेली.

---

जेवणाच्या दिवशी माजघर बायांनी भरलं होतं. महालक्ष्म्यांना नव्या साड्या नेसवलेल्या, पुढे फराळाच्या राशी. कस्तुराबाईंनी खाली बसता येत नसतानाही खाली बसून आरतीचे पाय धुतले, पुसले, हळदीकुंकू लावलं. सुनेने ओटी भरली. तिचं नाव पल्लवी, पोट सांभाळत वाकताना ती आरतीच्या कानाशी म्हणाली, "ताई, मला मुलगी व्हावी म्हणा." आरतीने मनातल्या मनात देवीला सांगितलं, या पोरीचं काही वाकडं करू नको, माझं काय करायचं ते कर.

ताटाभोवती रांगोळी होती. पुरणपोळीवर तूप सोडलेलं. आरतीने पहिला घास घेतला. शेजारच्या बाया कौतुकाने बघत होत्या. कमलम्मा दाराशी पाण्याचे तांबे भरत उभी होती. सृष्टी आईच्या मागे, खांबाला टेकून.

"नाव घ्या की," कुणीतरी म्हणालं. "नाव घेतल्याबगर घास उतरतो व्हय सवाष्णीच्या घशाखाली?"

"घे बाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "देवीपुढं नाव घेतलं की मालकाचं आयुष्य वाढतं."

आरतीने ताटाच्या कडेला बोट टेकवलं. दोन वर्षांत तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. लोकांपुढे 'आमचे मालक', पोरीपुढे 'तुझे पप्पा'. एकटी असतानाही तिने ते जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

"महालक्ष्मीच्या पुढं," ती सुरू झाली, "ठेवली सोळा भाज्यांची ताटं… रामलिंग…"

पुढचं आलं नाही.

"लाजली गं माय," एक जण म्हणाली. बाया हसल्या.

तेव्हा सृष्टी पुढे आली. आई अडली आहे हे तिला कळलं होतं, आणि आई अडली की काय करायचं हेही तिला चांगलं ठाऊक होतं. "मम्मी लाजते," ती हसत म्हणाली. "पप्पांसमोर तर बोलतच न्हाई. काल फोन आलता, तर मलाच बोल म्हनाली."

"हो का? काय म्हनले पप्पा?"

"म्हनले, मला पुरनपोळी ठेव. मी म्हनलं, हैदराबादला येईपर्यंत शिळी होईल. तर म्हनले, लिफ्टमध्ये ठेव, वरच्या मजल्यावर गार असतं."

माजघर हसून लोटपोट झालं. कस्तुराबाईंनी डोळे पुसले. "काय गं पोरगी ही."

"लाव की फोन," एक तरुण बाई मोबाईल पुढे करत म्हणाली. "आपन बोलू तुझ्या पप्पांशी. सणाचं बोलवन करू."

सृष्टीची पापणीही हलली नाही. "आत्ता ड्यूटी असते. लिफ्टमध्ये रेंज नसती."

आरतीने मान वळवून पोरीकडे बघितलं. नऊ वर्षांचं लेकरू. दोन वेण्या, हिरवी पिन, आणि चेहऱ्यावर मोठ्या बाईसारखं, सगळं निभावून नेणारं हसू. बापासाठी एक दिवसही न रडलेले ते डोळे इतके कोरडे होते, की जणू वर्षानुवर्षांचं पाणी कुणी उपसून नेलं असावं. आरतीला वाटलं, आज ही फोनवर तरली. उद्या कुणी आणखी काही विचारेल, तेही सांभाळून घेईल. असं करत करत ही मोठी होईल, आणि हिला बाप होता, तो मेला, त्याच्यासाठी रडायचं असतं, हे हिला कधीच कळणार नाही.

"बस बेटा," ती म्हणाली.

सृष्टी थांबली.

"बस. आता नको बोलू." आरतीने हात ताटातून उचलला. "न्हाईत तुझे पप्पा हैदराबादला. काकू, माझे मालक वारले. दोन वर्षं झाली. शॉक लागला."

दाराशी कमलम्माच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी उंबऱ्यापर्यंत वाहत गेलं आणि कुणीही ते पुसायला वाकलं नाही. पल्लवीने नकळत पोटावर हात ठेवला, मग स्वतःच्याच हाताकडे बघून तो काढून घेतला.

"आधी का न्हाई सांगितलंस?" कस्तुराबाईंचा आवाज चढला नाही, उलट बसला.

"सांगितलं असतं तर पोळ्या लाटू दिल्या असत्या का काकू?"

कस्तुराबाईंची नजर ताटाभोवतीच्या रांगोळीवर गेली. त्या वाईट बाई नव्हत्या, हे इथे सांगायलाच हवं. आरतीला ताप आला की त्या गोळ्या धाडायच्या, सृष्टीच्या वह्या त्यांनीच आणून दिल्या होत्या. आत्ताही त्यांचे डोळे भरले होते. पण मागून कुणीतरी कुजबुजलं, घरात पोटुशी बाई हाय, आणि कस्तुराबाईंनी खाली बघत म्हटलं, "ऊठ बाई. आता उठ तू."

आरती उठली. एका बाईने पाण्याचा हात लावून रांगोळी पुसली. दुसरीने ते ताट उचलून मागच्या दाराने नेलं. पल्लवी काहीतरी बोलायला पुढे झाली, सासूकडे बघितलं आणि जागीच थांबली. निघताना कस्तुराबाईंनी सृष्टीच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा दिला. "लेकरासाठी," त्या म्हणाल्या. आणि आरतीकडे न बघता, "उद्या येऊ नको. मी कळवते."

गल्लीच्या वळणावर मागून धापा टाकत कमलम्मा आली. ओले हात पदराला पुसत तिने इकडेतिकडे बघितलं.

"आरती, ऐक." तिने आवाज इतका खाली आणला की आरतीला जवळ सरकावं लागलं. "माझाबी न्हाई. बारा वर्षं झाली."

आरती तिच्या कपाळावरच्या त्या मोठ्या कुंकवाकडे बघतच राहिली. "आन मग लुंगी? भांडनं?"

"जिता असताना तसाच भांडायचा," कमलम्मा म्हणाली. "तेच आठवून आठवून सांगते. सांगता सांगता वाटतंय, हाय कुठंतरी." मग तिने आरतीचा दंड घट्ट धरला. "मी तिथं बोलायला पायजे होतं. न्हाई बोलले. तू कुनाला सांगू नको अम्मा. मला दुसरं काम कोन देतंय या वयात?"

"न्हाई सांगत."

कमलम्मा वळली आणि भराभर मेसकडे परत गेली. पंगतीतल्या पोरांना अजून वाढायचं होतं.

---

कस्तुराबाईंचा निरोप आला नाही. आरतीने दुसरीकडे विचारायला सुरुवात केली. या वेळी तिने टिकली पुसली नाही, बांगड्या काढल्या नाहीत. आणि मालक काय करतात असं विचारलं की ती म्हणायची, "वारले." मग समोरच्या बाईची नजर तिच्या कपाळावर जायची, तिथून हातावर, आणि परत कपाळावर. नवरा नाही हे एक वेळ चाललं असतं. नवरा नसून टिकली आहे, हे कुणाला झेपेना. एकीने तर तोंडावर म्हटलं, "मग हे कशाला? कुनाला दाखवायला?"

"पाचवीला असल्यापासून लावते बाई," आरती म्हणाली. "तेव्हा कुठं नवरा होता?"

ते काम मिळालं नाही, हे सांगायला नको. शेवटी गंजगोलाईच्या बाजारापलीकडच्या एका डाळ मिलमध्ये ती निवडणीला लागली. तिथे कुणाचा नवरा कुठे आहे हे विचारत नाहीत. धूळ एवढी असते की तोंड बांधूनच बसावं लागतं. कपाळही धड दिसत नाही. संध्याकाळी घरी आली की खोकला तासभर थांबायचा नाही. पण ट्रंकेच्या तळाचं पाकीट तिने बाहेर काढलं आणि निराधारच्या पगारासाठी अर्ज भरून दिला.

सृष्टी मात्र आईशी बोलेना. रागावली होती. "मी सांभाळलं होतं ना सगळं," एवढंच ती त्या रात्री म्हणाली होती. "तू कशाला सांगितलंस?" दोन वर्षं जपलेलं काम आईने तिच्या हातून हिसकावून घेतलं, असंच तिला वाटलं असणार. लेकराचं हे दुःख मोठ्या माणसांना लवकर समजत नाही. आरतीला समजलं. ती फक्त रोज वेणी घालत राहिली.

गल्लीत बातमी पसरायला आठवडा लागला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सृष्टी घरी आली ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली. शनिवारी मिलचा अर्धा दिवस, आरती नुकतीच आली होती. अंगावर डाळीची पांढरी भुकटी तशीच.

"वर्गात सगळे म्हनाले, ही खोटारडी हाय. हिचे पप्पा मेलेत." सृष्टीचा आवाज सरळ होता. "कहकशां भांडली त्यांच्याशी. मी गप्प बसले."

"ये, आत ये."

"मम्मी, पप्पा गेले तवा मी रडले होते का?"

आरती खाली बसली. "न्हाई बेटा. तुला आम्ही खेळायला पाठवलं होतं. तू आलीस तवर सगळं झालं होतं."

"मला कुनी सांगितलंच न्हाई. तू नुसतं म्हनालीस, हैदराबादला हाईत म्हनायचं."

"व्हय. मी चुकले."

सृष्टी दप्तराचा पट्टा पिळत राहिली. "मग मला सांग. सगळं सांग. कसं झालं ते."

आरतीने सांगितलं. तिला आता कुणापासून लपवायचं नव्हतं, तरी शब्द जड होते. सकाळ कशी होती, हौदाजवळ काय झालं, कोण धावत आलं. त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या शर्टाला सरकीचा वास येत होता. ज्या बैलाला तो धुवायचा, त्या बैलाने दोन दिवस दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आणि तो सृष्टीला काय हाक मारायचा ते सांगितलं. ती हाक पोरगी विसरली होती. ऐकल्यावर तिला आठवली.

"पप्पा येनार न्हाईत," ती म्हणाली. हे तिने विचारलं नव्हतं.

"न्हाई येनार, बेटा."

मग सृष्टी रडली. आधी आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. आणि मग असा हंबरडा फोडला की समोरच्या घरातली शिवणाची मशीन थांबली. आरतीने तिला गप्प केलं नाही. मांडीवर घेतलं आणि डाळीच्या भुकटीने भरलेला हात तिच्या पाठीवरून फिरवत राहिली.

गल्लीतल्या बाया दाराशी जमल्या. रहमतबी गाडा तसाच सोडून आली. घरमालकीणही आली होती. बातमी कानावर आल्यापासून खोलीचं काहीतरी बोलायचं म्हणून ती दोन दिवस आरतीला गाठायला बघत होती. पोरीचं ते रडणं बघून ती दारातच थबकली.

"काय झालं गं? लेकरू का रडायलंय?" बातमी न पोचलेल्या एकीने विचारलं.

"तिचे पप्पा वारले," आरती म्हणाली.

"अगं बाई. कधी?"

"दोन वर्षं झाली. रडायला आज मिळालं."

रहमतबी पुढे झाली आणि सृष्टीच्या पायाशी भिंतीला टेकून बसली. तिच्यामागून समोरची शिवणकामवाली आली. मग आणखी एक. मयताच्या घरी बसतात तशा बाया त्या दहा बाय दहाच्या खोलीत बसल्या, दोन वर्षं उशिरा. पलीकडच्या घरी कुणीतरी पिठलं टाकलं. आरतीच्या घरी आज चूल पेटवायची नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरमालकीण अजून उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. आत यायचं की परत फिरायचं, हे तिचं तिला ठरवता येत नव्हतं. आतल्या बाया थोड्या सरकल्या आणि त्यांनी भिंतीकडे एका माणसाला बसता येईल एवढी जागा केली.